दारात इटली

नवी कोरी इटालियन गाडी श्रीमंत माणूस घेतो. तीच गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की हिशेबी माणूस घेतो. श्रीमंताला आपण पैसे उडवतोय याची पूर्ण कल्पना असते. हिशेबी माणसाला मात्र आपण पैसे वाचवतोय असं मनापासून वाटत असतं, आणि घरातल्या कुणाला ते खोडून काढता येत नाही, कारण कागदावर त्याचंच बरोबर असतं.

इंग्लंडात तर हा कागद फारच गोड बोलतो. मासेरातीची क्वात्रोपोर्ते २००४ साली इथे सत्तर हजार पौंडांच्या आसपास मिळायची. आठ सिलिंडरचं इंजिन फेरारीच्या कारखान्यात तयार झालेलं, अंगकाठी पिनिनफारिनाने बेतलेली, आत जिकडे हात लावाल तिकडे कातडं. आज त्याच गाड्या नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळतात. म्हणजे शेजारच्याने भाजी आणायला गाडी घ्यावी, आणि त्याहून कमी पैशांत आपण फेरारीचं इंजिन दारात उभं करावं. यात चूक काय, ते दाखवा!

चूक एवढीच, की किंमत उतरल्याची बातमी गाडीच्या सुट्या भागांपर्यंत पोचलेली नसते. ते अजून सत्तर हजारांच्याच गाडीचे भाग असतात. पुण्यातला एखादा सात चौकी वाडा कुणी चाळीतल्या खोलीच्या भावात दिला, तर खरेदीखतावर सही करताना आनंद होणारच. पण पावसाळ्याआधी कौलं शाकारायची ती साती चौकांची.

आमचे साडू पेशाने ॲक्चुअरी आहेत. कोणत्या वयाचा माणूस साधारण केव्हा मरेल याचे तक्ते मांडायचे आणि त्यावरून विम्याचा हप्ता ठरवायचा, हा त्यांचा लंडनमधला धंदा. छत्री घेऊन निघायचं की नाही, हेसुद्धा ते शक्यता काढून ठरवतात. अशा माणसाने, पन्नाशी ओलांडल्यावर, जुनी इटालियन ग्रँड टूरिंग गाडी घेतली. गाडीचं नाव या लेखात येणार नाही. ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, तशी अट आहे. "नाव छापून आलं, तर ते पान फ्रेम करून भिंतीवर लावतील," त्या म्हणाल्या, "आणि भिंतीवर आधीच एक पिस्टन आहे." एवढंच सांगतो, की दोन दारं, आठ सिलिंडर, जन्म इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतातला, आणि मागे दोन सीटा, ज्यांना सीट म्हणणं हा कंपनीच्या मनाचा मोठेपणा.

या जातीच्या गाडीमागची कल्पना मोठी सुरेख आहे. दोन माणसं, त्यांचं सामान, आणि एका दमात अर्धा युरोप. १९५१ साली लॅन्चियाने ऑरेलियाची बी-२० जीटी काढली, तेव्हापासून ही कल्पना नीट आकाराला आली असं जाणकार मानतात. दोन लिटरचं लहानसं व्ही-सिक्स इंजिन, पण त्याच वर्षीच्या मिले मिलिया शर्यतीत ती एकूणात दुसरी आली. पुढे होती ती दुप्पट इंजिनाची फेरारी. सकाळी मिलानला कॉफी घेऊन निघायचं, रात्रीचं जेवण रिव्हिएराच्या समुद्रकाठी, आणि उतरताना कोटाला सुरकुती नाही. फेरारीच्या डिकीच्या मापाच्या कातडी बॅगा मॉदेनाची स्केदोनी ही पेढी शिवून देते. त्यात प्रेशर कुकर मावत नाही, ही त्या कल्पनेतली एकमेव त्रुटी. ती ताईंनी पहिल्याच दिवशी दाखवून दिली.

खरेदीच्या आधी साडूंनी हिवाळाभर जाहिराती वाचल्या. त्या वाचायला शिकावं लागतं. ब्रिटिश विक्रेता खोटं बोलत नाही, तो शब्द निवडतो. त्याच्या गाडीतून तेल गळत नाही, 'किंचित पाझरतं'. गाडी विकायची कारणंही ठरलेली. घरात पाळणा हलला, किंवा गॅरेजात जागा नाही, किंवा 'मनाविरुद्ध विकतोय'. एअर कंडिशनर बिघडलेला कधीच नसतो. त्यात 'फक्त गॅस भरायचाय'. आता गॅस भरायला फार तर एक मध्यम जेवणावळ होईल एवढा खर्च. ज्याने या गाडीवर हजारो पौंड घातले त्याने एवढंच नेमकं शिल्लक का ठेवलं असेल, हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारला, तर फोनच्या त्या टोकाला ब्रिटिश शांतता पसरते.

शिवाय मुहूर्त पाहावा लागतो. थट्टा नाही. इथला रोड टॅक्स धुराच्या मापाने लागतो, आणि २३ मार्च २००६ ही त्यातली सीमारेषा. आठ-बारा सिलिंडरची जी गाडी त्या तारखेआधी नोंदवलेली असेल, तिला एक वरची मर्यादा आहे. त्या दिवशी किंवा नंतर नोंदवलेली असेल, तर वर्षाला सातशे पौंडांच्या वर. गाडी तीच, रंग तोच, कारखान्यातून कदाचित एकाच ट्रकवर चढून आलेल्या दोघी बहिणी. पण एकीचा जन्म मघातला आणि दुसरीचा पूर्वातला. साडूंनी २३ मार्चनंतरची एकही पत्रिका हातात धरली नाही.

मग निवडलेल्या गाडीची बिलांची फाईल आली. ही फाईल म्हणजे या व्यवहाराचा गाभा. गाडी एकवेळ न पाहता घेतील, पण फाईल न पाहता नाही. मीही ती वाचली, आणि कादंबरी वाचल्याचं समाधान मिळालं. पहिला मालक: बिलं अधिकृत डीलरची, कागद लग्नपत्रिकेच्या जाडीचा, शेवटी 'गाडी धुऊन व पुसून दिली' अशी नोंद. दुसरा मालक: बिलं एका स्वतंत्र स्पेशालिस्टची, कागद साधा, कामाची यादी मात्र लांब. तिसऱ्याच्या वेळी बिल हाताने लिहिलेलं, आणि काही कामांपुढे 'पुढच्या वेळी बघू' असा शेरा. चौथ्या मालकाचं बिल असं नव्हतंच. सुपरमार्केटातून घेतलेल्या इंजिन ऑइलच्या डब्याची एक पावती होती, आणि तिच्यावर त्याच खरेदीतलं मांजराचं खाणंही होतं. मांजराचं खाणं महाग होतं.

फाईल मिटून साडू म्हणाले, "मोठे खर्च सगळे आधीच्यांनी करून ठेवलेत. आता उरलंय काय?" माणसांच्या मृत्यूचे तक्ते मांडणारा गृहस्थ हे बोलला. इतकी आजारपणं होऊन गेली म्हणजे आता होणार नाहीत, असं त्यांच्यापुढे कुणी विमा काढायला आलेला म्हणाला असता, तर त्यांनी त्याचा हप्ता तिप्पट केला असता.

गाडी आली, आणि आली ती माझ्या दारात. कारण असं, की साडूंचं घर हॅरोच्या टेकडीवर. अंगणातला उतार असा की लिंबू सोडलं तर रस्ता ओलांडून जाईल. मी टेकडीच्या पायथ्याला राहतो, आमचं अंगण सपाट. आता सपाट अंगणाचं एवढं काय महत्त्व, तर त्यासाठी क्लचची गोष्ट सांगायला हवी.

या गाडीला क्लचचं पेडल नाही. स्टेअरिंगमागे दोन पट्ट्या असतात; त्या ओढल्या की तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा क्लच दाबते आणि गिअर बदलते. शर्यतीच्या गाड्यांतून आलेली ही करामत. ड्रायव्हरचं दार नुसतं उघडलं, तरी आतून घूंऽऽ असा आवाज येतो. पंप जागा होऊन दाब भरून घेत असतो. साडू दार उघडून एक पाय आत ठेवून थांबतात आणि तो आवाज पुरा होऊ देतात. आवाज नेहमीपेक्षा लांबला, की त्यांचा चेहरा लांबतो. मोकळ्या रस्त्यावर भरधाव गेलं तर हा क्लच झिजत नाही. झिजतो तो ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे चढावर रिव्हर्स घेताना. आणि कहर म्हणजे, गाडीला कॉम्प्युटर जोडला की क्लच किती टक्के झिजलाय हे तो चक्क आकड्यात सांगतो.

हा आकडा माणसाच्या हाती पडायलाच नको होता. ॲक्चुअरीच्या तर नकोच नको. साडूंनी पहिल्याच आठवड्यात तक्ता केला: आजवरची झीज, झिजेचा वेग, उरलेलं आयुष्य, नव्या क्लचची किंमत, आणि त्यावरून एका रिव्हर्सची किंमत पौंडात. तेव्हापासून ते रिव्हर्स घेत नाहीत. सरळ आत, सरळ बाहेर जाता येईल अशाच ठिकाणी ते गाडी नेतात. लंडनसारख्या शहरात अशी ठिकाणं म्हणजे पेट्रोल पंप आणि स्मशानभूमी. आमच्या अंगणाला दोन फाटकं आहेत. लग्न झालं तेव्हा सासरच्यांना माझ्यात काही विशेष दिसलं नव्हतं; दोन फाटकांमुळे आता दिसतं.

गाडी त्यांची, दार माझं, अशी ही वाटणी. बायकोच्या गुलाबाच्या कुंड्या मागल्या दारी गेल्या. पोस्टमन मला 'सर' म्हणू लागला. समोरचा निवृत्त शिक्षक, ज्याने इतकी वर्षं हवामानापलीकडे शब्द काढला नव्हता, तो एकदा येऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालून गेला, आणि जाताना माझ्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवून गेला. त्याच्याकडे तरुणपणी एक होती म्हणे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर निघून गाडीच्या पोटात जाते. या गाड्या उभ्या असतानाही बॅटरी खातात. अलार्म, घड्याळ, कसले कसले कॉम्प्युटर, सगळे आत जागे बसलेले असतात. म्हणून गाडी चार्जरला लावून ठेवायची, बिल मी भरायचं. एकदा कुणीतरी मिक्सर लावायला तो प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. बॅटरी पार उतरली. बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडते बटणाने, बटण चालतं बॅटरीवर. वेड गेल्याशिवाय लग्न होईना, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना. असल्या प्रसंगासाठी एक चोरदोरी असते, ती ओढली की डिकी उघडते, असं पुस्तकात लिहिलेलं. पुस्तक कुठे होतं? डिकीत.

आतल्या बटणांची कथा वेगळी. त्या काळात इटालियन कंपन्यांनी आतल्या प्लॅस्टिकवर एक मखमली मुलामा द्यायला सुरुवात केली होती. शोरूममध्ये त्यावर बोट फिरवलं की गिऱ्हाईक विरघळायचं. दहा-पंधरा वर्षांनी मुलामा विरघळतो. बटणं चिकट होतात, बोट चिकटून राहतं, काचेचं बटण दाबलं तर काच खाली आणि बोटाचा ठसा वर. फेरारीवाले, मासेरातीवाले दोन मालक भेटले की हवापाण्याआधी या चिकटपणाची चौकशी करतात. साडू रविवारी सकाळी स्पिरिट आणि कापसाचे बोळे घेऊन बसतात आणि एकेक बटण पुसतात. चिकटपणा जातो. त्यासोबत बटणावरचं चित्रही जातं. आता पंखा, काच, डिकी, सीट गरम करायचं, सगळी बटणं एकसारखी काळी कुळकुळीत आहेत. कोणतं कशाचं, हे फक्त साडूंना ठाऊक, आणि तेही अंदाजाने. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला थंड वारा सोडतो म्हणून जे दाबलं, त्याने पुढची वीस मिनिटं मी खालून भाजून निघालो.

मेकॅनिक उत्तर लंडनमध्ये रेल्वेच्या कमानीखाली बसतो. वरून लोकल गेली की भिंतीवरचे पाने किणकिणतात. माणूस सचोटीचा, पण त्याचं एक वाक्य आहे, ज्याने या देशातली कित्येक घरं धुऊन काढली असतील: "आता आत शिरलोच आहोत, तर…" त्याचं म्हणणं तर्काला धरूनच असतं. थर्मोस्टॅट बदलायला वरचं सगळं उतरवलंय, तर तिथलेच रबरी पाइप आत्ता बदललेले बरे. पाइप काढलेच, तर वॉटर पंप समोर दिसतोय. पंप काढला, की बेल्ट आणि त्याचे टेन्शनर. फेरारीच्या मॉन्डियल-टी या चार सीटच्या गाडीला तर टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स चौकटीसकट खाली उतरवावे लागतात; बेल्ट रबराचा, ठराविक वर्षांनी तो बदलावाच लागतो, गाडी चालो वा न चालो. एवढं सगळं जमिनीवर आलेलं पाहिल्यावर 'राहू दे, परत लावा' म्हणायची छाती कुणाची होणार? आमच्या दारच्या गाडीला तेवढं करावं लागत नाही. साडू हे अभिमानाने सांगतात.

क्लचवरून मात्र त्यांना इतिहासाचा आधार आहे. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा ट्रॅक्टरवाला. त्याच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा. तो एन्झो फेरारीकडे तक्रार घेऊन गेला, आणि एन्झोने 'तू आपला ट्रॅक्टर सांभाळ' अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. त्या रागातून १९६३ साली लाम्बोर्गिनी कंपनी निघाली, अशी आख्यायिका आहे. साडू ती प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. ताईंचं म्हणणं, त्या माणसाने निदान रागावून कारखाना काढला. तुम्ही रागावून एक्सेल शीट काढता.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाला जायचं होतं. लंडनचं मंडळ १९३२ सालचं, त्याची वास्तू डॉलिस हिलला. ताई पुढे, साडू चक्रधर, आणि मी मागे. उकडीच्या मोदकांचं पातेलं माझ्या मांडीवर, गुडघे पातेल्याच्या दोन बाजूंना, आणि मान पंचेचाळीस अंशांत, कारण छताचा तो सुंदर उतार नेमका माझ्या टाळूवरून जातो. बाहेरून बघणाऱ्याला त्या रेषेने वेड लागतं. आतून तिचा प्रत्यय वेगळा. लंडनच्या बहुतेक रस्त्यांवर आता ताशी वीस मैलांची मर्यादा आहे आणि जागोजागी गतिरोधक. पुढचा ओठ घासू नये म्हणून साडू प्रत्येक गतिरोधकावर तिरकी चाल करतात. मागून हॉर्न वाजतात. क्लच टक्के गाळतो, साडू घाम गाळतात. पोचलो तेव्हा मोदकांच्या कळ्या एका बाजूला झुकल्या होत्या, माझी मान दुसऱ्या. मंडळातल्या पोरांनी मात्र मोदकांकडे ढुंकूनही न पाहता गाडीला गराडा घातला, आणि साडू त्या दिवशी आरतीला पोचले ते 'घालीन लोटांगण'ला.

हे सगळं पुण्याला त्यांच्या थोरल्या भावाला फोनवर सविस्तर सांगितलं गेलं. दादा शांतपणे म्हणाले, "अरे, इटालियन इंजिन माझ्याकडेही आहे. डिझेल स्विफ्ट. दोन लाख किलोमीटर झाली. ऑइल बदलतो." आणि हे खरंच आहे. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मारुतीने परवान्यावर बनवलं, टाटांनी वापरलं, आणि काही वर्षं निम्मा महाराष्ट्र त्यावर गावाला जाऊन आला. आपण इटालियन सोयरीक केली आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतकी ती सून मुकाट नांदली.

मुंबईकरांची सोयरीक तर त्याहून जुनी. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट अकराशे बनायची. १९७०च्या दशकात तिची पद्मिनी झाली; टॅक्सीचा काळा-पिवळा वेश तिने त्याआधीच घेतला होता. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा लोकांनी लेख लिहिले. माझ्या वडिलांकडे पद्मिनी होती, अर्थात सेकंडहँड. हिशेब केला तर आमच्या घराण्यात जुनी इटालियन टूरिंग गाडी बाळगण्याचा मान त्यांचा पहिला. इंजिन अकराशे सीसीला थोडं कमी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग, आणि त्या सीटवर वडील, काका आणि आत्याचे यजमान. मागे बायका, पोरं, फणस. दादर ते चिपळूण. घाटात त्या काळी सगळ्यांच्याच गाड्या उकळायच्या. बॉनेट उघडून, कॅनमधून पाणी ओतून, भजी खाऊन माणसं पुढे जायची. सुटे भाग कुठे मिळायचे? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. जन्मही कुर्ल्यात, अवयवदानही कुर्ल्यात. साडूंचा भाग मॉदेनाहून येतो, आणि ऑगस्टमध्ये इटली सुट्टीवर असते.

निवृत्तीनंतर गाडी पुण्याला न्यावी, असा एक विचार साडूंनी मांडून पाहिला होता. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती साधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि वर जकातीचा आकडा ऐकून माणूस जुना होतो. तो तक्ता मिटला. दुसरा उघडला. ब्रिटनमध्ये गाडीला चाळीस वर्षं पुरी झाली की रोड टॅक्स माफ, आणि वर्षाची एमओटी तपासणीही सहसा सक्तीची राहत नाही. "तेव्हा मी पंचाहत्तरीच्या घरात असेन," साडू म्हणाले, "आणि तक्त्याप्रमाणे मी असण्याची शक्यता क्लच असण्यापेक्षा बरीच जास्त आहे."

मग गेल्या वर्षी ताईंनी फर्मान काढलं. ही गाडी युरोप पालथा घालायला बनवलीय ना? मग घाला. नाहीतर विका.

इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याने फ्रान्स, मग मोकळे हमरस्ते, मर्यादा ताशी एकशे तीस किलोमीटर, मग माँ ब्लाँचा साडेअकरा किलोमीटरचा बोगदा, पलीकडे इटली. आम्ही दोघं रोज फोनची वाट पाहत होतो: कुठे बंद पडली, किती पौंड लागले. फोन आला तो असा, की गाडीला काही म्हणजे काही झालेलं नाही. घूंऽऽ आवाज आखूड झाला. एअर कंडिशनर, ज्यात फक्त गॅस भरायचा होता, तो एक दिवस आपणहून थंड वारा सोडू लागला. क्लच तसूभर झिजला नाही. आमच्या दारात चार्जर लावून, कापडाची खोळ घालून, आठवड्यातून एकदा दुधाच्या पिशवीपुरती फिरवून जिला जिवापाड जपली, तिची दुखणी त्या जपण्यातलीच होती. रबरं सुकली ती उभ्या उभ्या. मेकॅनिक हे पहिल्यापासून सांगत होता, "चालवा हो तिला." पण चालवली की टक्के जातात, ते तक्त्यात दिसतं, न चालवता काय जातं, त्याचा रकाना शीटमध्ये नव्हता.

मॉदेनाच्या आसपासच्या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात फेरारी, मासेराती, लाम्बोर्गिनी, पगानी, सगळ्यांची घरं. साडू कारखान्यांची फाटकं पाहत हिंडले. ताईंनी अल्बिनेल्ली बाजार गाठला आणि तिथे व्हिनेगरच्या दुकानात त्यांना जे दिसलं, ते त्यांनी रात्री फोन करून आम्हाला सांगितलं. तिथलं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर लाकडी पिंपांत किमान बारा वर्षं मुरवतात, आणि वरच्या प्रतीचं पंचवीस. जितकं जुनं तितकं महाग, आणि लहानशी कुपी विकत घ्यायलाही छाती लागते. "एकाच गावात," ताई म्हणाल्या, "एकाच हवेत, व्हिनेगर पंचवीस वर्षं नुसतं पडून राहिलं तर किंमत वाढते. आणि तुमच्या साडूंनी काय आणलं? गाडी!"

परत आल्यावर मात्र त्या आपल्या शब्दाला जागल्या. युरोप पाहून झाला, आता विका. साडूंनी जाहिरात लिहिली. पाझरतं, पाळणा, काही नाही. प्रत्येक दोष, तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता, अपेक्षित खर्च, सगळं तक्त्यात. आम्हाला वाटलं, हे वाचून चिटपाखरू फिरकणार नाही.

एक मुलगा आला. मूळचा नाशिकचा, बँकेत सॉफ्टवेअरमध्ये, तिशीच्या आतला. आमच्याच हॉलमध्ये बसला. बायकोने पोहे केले होते. साडूंनी फाईल पुढे ठेवली, शीट उघडलं आणि एकेक व्याधी वाचायला घेतली. दर व्याधीला त्या पोराच्या डोळ्यांत जास्तच चमक. काका, इतकी प्रामाणिक गाडी मी पाहिली नाही, म्हणाला. बटणं दाबून पाहिली, चुकून सीट गरम झाली, तरी हसला. सांगितलेली किंमत एक पौंडही न कापता कबूल केली. ताईंनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोने मागल्या दारच्या कुंड्यांकडे पाहिलं.

साडूंनी चष्मा काढून पुसला. "राहता कुठे?"

"क्रिस्टल पॅलेसला, काका. टेकडीवर. वरून पूर्ण लंडन दिसतं."

"गाडी कुठे लावणार?"

"बिल्डिंगच्या खाली. रॅम्प आहे, रिव्हर्समध्ये वर यावं लागतं, पण…"

पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. साडूंनी लॅपटॉप मिटला होता. "नाही जमायचं," ते म्हणाले. "तुमचा स्वभाव चांगला आहे. पण रोज रिव्हर्स, आणि तोही चढावर. मनाला पटत नाही."

मुलगा निराश होऊन निघाला, तेव्हा ताई त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या आणि त्याचा नंबर घेऊन आल्या. तेव्हापासून त्या आणि माझी बायको रात्री जेवणं उरकली की फोन घेऊन बसतात आणि त्या मुलासाठी भाड्याची घरं बघतात. बजेट त्याचं आहे तेच, स्टेशन जवळ हवं, आणि जमीन सपाट. दोन फाटकांचं एक सापडलंय इलफोर्डला, पण मालक म्हणतो, भाडेकरू शाकाहारी हवा.